पाव फेरी

कार्ब्युरेटरच्या कुशीला एक छोटासा पितळी स्क्रू असतो. कुणी त्याला एअर स्क्रू म्हणतं, कुणी मिक्श्चर स्क्रू. गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू राहावं, यासाठी हवा किती आणि पेट्रोल किती हे तो ठरवतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तो कुठेतरी मध्यावर लावून दिलेला असतो. पुढचं मालकाने बघायचं. गाडी कोकणात जाणार की काश्मिरात, पौषात चालणार की वैशाखात, हे कारखान्याला कसं कळणार? म्हणून त्यांनी आत एक बारीक वाट ठेवली, वाटेच्या तोंडाशी स्क्रू बसवला आणि स्क्रूच्या डोक्यावर खाच पाडली. ज्याच्या हातात पेचकस आहे, त्याच्यावर पुढची जबाबदारी.

जुनी यंत्रं अशी बरंच काही माणसावर सोपवून मोकळी व्हायची. मला ते आवडतं. इंजेक्शनच्या गाडीत सगळं एका बंद डबीत ठरतं आणि आपण फक्त किल्ली फिरवतो, याची एक खंत माझ्या पिढीला असतेच. पण माणसावर काय सोपवावं आणि काय सोपवू नये, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. माझ्यापुरता तो एका जुन्या तीनचाकीने उभा केला.

ती होंडाची एटीसी ११०, १९८२ सालची. एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल. पुढे एक, मागे दोन चाकं. आपल्या रिक्षाशी तिचं साम्य तिथेच संपतं. टप नाही, मीटर नाही, हमरस्त्यावर तिला जागाही नाही. तिचा जन्म वाळू, चिखल, बर्फ आणि माळरान यांच्यासाठी. टायर गुबगुबीत आणि त्यांत हवा किती, तर दोन पौंडांच्या आसपास. मोटारीच्या टायरात तीसेक पौंड असते. स्प्रिंग नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. खड्डा आला की टायरच दबतात, टायरच उसळतात. क्लचचा दांडा नाही, किकही नाही. इंजिनाच्या कडेला दोरी असते, ती ओढायची.

आम्ही राहतो कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला. टेक्सासच्या समुद्रकाठावरून इथे येऊन राहिलेले एक वयस्कर शेजारी होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने गॅरेज मोकळं करायला काढलं, तेव्हा कोपऱ्यात ही लाल गाडी निघाली. नेता का, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, “आपल्याला कशाला?” माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, “हो!” या घरात दोघींपैकी कुणाचं चालतं हे शेजारीणबाईंना बहुधा ठाऊक होतं, त्यांनी गाडीचे कागद मुलीच्या हातात ठेवले.

या जातीच्या गाड्यांची जन्मकथा धंद्याच्या गरजेतली आहे. हिवाळ्यात अमेरिकेत मोटरसायकली खपेनात, विक्रेते रिकामे बसू लागले. त्यांना थंडीतही विकता येईल असं काहीतरी द्या, असं होंडाच्या अमेरिकी शाखेने जपानला १९६७मध्ये कळवलं. ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे काम आलं. त्याने चाकांची संख्या बदलत वेगवेगळे नमुने करून पाहिले आणि बर्फात, वाळूत, चिखलात सारखीच वळणारी म्हणून तीन चाकांवर तो स्थिरावला. १९७०मध्ये यूएस ९० नावाने गाडी बाजारात आली: ८९ सीसीचं इंजिन, २२ इंची फुगीर टायर, किंमत ५९५ डॉलर. पुढच्याच वर्षी जेम्स बाँड ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये तिच्यावर बसलेला दिसला. मग काय विचारता. एटीसी ९० झाली, ११० झाली, १८५, २०० झाली. यामाहा, कावासाकी, सुझुकी मागोमाग आल्या.

माझ्या गाडीचं इंजिन मात्र पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. सिलिंडर जवळजवळ आडवा, डोकं पुढच्या चाकाकडे. होंडाने १९५८मध्ये सुपर कब काढली, तेव्हापासून हा आडवा सिलिंडर त्यांच्या छोट्या गाड्यांत चालत आलेला आहे. त्याच घराण्यातलं इंजिन १९८५मध्ये हिरो होंडा सीडी १००मधून आपल्याकडे पोचलं आणि आमच्या वडिलांच्या सीडी १००मधून इचलकरंजीत आमच्या दारात.

तेव्हा आमच्या गाडीचं जे काही व्हायचं ते एका मेस्त्रींकडे व्हायचं. त्यांचं दुकान यंत्रमागांच्या पेठेत. दोन्ही बाजूंनी माग चालू, खडखडाट असा की समोरच्याशीही ओरडून बोलावं लागे. अशा ठिकाणी इंजिन ऐकायचं कसं? मेस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग दुसऱ्या हाताने कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवायचे आणि हात काढून घ्यायचे. मला घाई असायची. ते म्हणायचे, “रेस करायची न्हाई. पाव फेरी फिरवायची आन् गप ऱ्हायचं. ती सांगती.”

वडिलांचं दर वेळचं एकच मागणं, “मेस्त्री, ॲव्हरेज वाढवून द्या.” आणि मेस्त्रींचं ठरलेलं उत्तर, “ॲव्हरेज वाढवाय गेलो तर पिकअप जाईल, सायेब. मधलं काढून देतो.” मधलं काढणं हीच त्यांची सगळी विद्या होती, हे स्वतः पेचकस हातात घेईपर्यंत मला कळलं नाही.

कार्ब्युरेटर उतरवायच्या आधी नेमका पेचकस हातात हवा. जपानी गाड्यांचे स्टार स्क्रू दिसायला इतरांसारखेच दिसतात, पण त्यांच्या खाचा जपानी मानकाप्रमाणे कापलेल्या असतात. साधा फिलिप्स पेचकस लावून जोर केला की तो खाचेतून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खरवडून काढतो. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, ती त्या मानकाची खूण. मुलीला मी आधी ते टिंब दाखवलं. तिला ते फार आवडलं. मग घरभर टिंब असलेले स्क्रू शोधण्यात तिची एक सकाळ गेली.

कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडवली. आतलं पेट्रोल कधीच उडून गेलं होतं आणि जे उडू शकलं नाही ते तळाला काकवीसारखं दाट होऊन बसलं होतं. वास मात्र काकवीचा नव्हे; जुन्या पेट्रोलचा तो आंबूस, डोक्यात जाणारा वास आला आणि बायकोने गॅरेजमधून घरात येणारं दार आतून लावून घेतलं. पितळी भागांवर हिरवट थर, मिश्रधातूच्या वाटीत पांढरी भुकटी. अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं. गाडी रोज चालली तर बिघडत नाही. महिनोन्महिने उभी राहिली की ओल आणि पेट्रोल मिळून धातू खातात, रबरी वायसर फुगतात किंवा कडक होतात. आपल्याकडे आता वीस टक्क्यांचं मिश्रण आलं आहे. घरात आजोबांची जुनी स्कूटर जपून ठेवलेल्यांनी ती उभी करण्याआधी कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, एवढं सांगून पुढे जातो.

एकेक भाग काढून जुन्या टॉवेलवर ओळीने मांडला. वरून निघाला तो पिस्टनसारखा वरखाली होणारा स्लाइड. ॲक्सिलरेटरची केबल त्यालाच बांधलेली. स्लाइडच्या पोटातून खाली लोंबणारी निमुळती नीडल. वाटीतला फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळ ऐकू येते, तशी आली नाही. फ्लोटच्या पिनचं टोक नखाने चाचपलं. झिजून तिथे कडं पडलं असेल तर पेट्रोल थांबत नाही, गाडी ओव्हरफ्लो होते. आणि शेवटी जेट. मेन जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेरात मावणारा तुकडा, मधोमध एक भोक. त्यावर कोरलेला आकडा त्या भोकाचा मोठेपणा सांगतो. मुलीने तो आकाशाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाली, “काहीच दिसत नाही.” तेच तर दुखणं होतं.

पायलटची वाट, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल पुरवणारी ती सुरुवातीची बारीक वाट, मेन जेटपेक्षाही बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. ती मोकळी करताना लोकांना तार घालण्याचा मोह होतो. पितळ मऊ असतं. पोलादी तारेने भोक एका केसाएवढं मोठं झालं तरी त्या जेटचा आकडा खोटा ठरतो. म्हणून भिजत ठेवणं, क्लीनरचा फवारा मारणं, दाबाची हवा सोडणं, पुन्हा भिजवणं. घाई करण्यासारखं त्यात काहीच नाही. बाजारात थोड्या पैशांत अख्खा नवा कार्ब्युरेटर मिळतो आणि जेट, नीडल, गास्केट असा दुरुस्तीचा संचही मिळतो. मी संचातली फक्त गास्केट आणि वायसर घेतली. स्वस्त संचातल्या जेटवर आकडा असतो, पण भोक त्या आकड्याला जागेलच असं नाही. मूळचं पितळ शाबूत असेल तर ते स्वच्छ करून परत बसवावं.

फ्लोटची उंची मोजली. कार्ब्युरेटर तिरका धरायचा, फ्लोटची पट्टी पिनवर जेमतेम टेकेल असा, आणि पुस्तकात दिलेल्या मापाशी ताडून पाहायचं. हे माप क्षुल्लक वाटतं, पण वाटीतली पेट्रोलची पातळी त्यावर ठरते आणि पुढचं सगळं त्या पातळीवर. मग एअर फिल्टरचा स्पंज. हात लावला तर चुरा झाला. तो नवा घालून तेलात भिजवून पिळला. पेट्रोलच्या टाकीतला गंज काढला, कारण टाकीत गंज ठेवून कार्ब्युरेटर धुणं म्हणजे पुन्हा धुण्याची तयारी करणं.

आता या पितळी पसाऱ्याचं काम काय, ते सांगतो. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते, बाहेरची हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून आत धावते. गळा मध्ये अरुंद केलेला असतो. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७मध्ये हे पाण्याच्या प्रवाहावर मांडलं होतं. वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो. तो पेट्रोलला जेटमधून वर लोटतो, ते गळ्यात तुषार होऊन हवेत मिसळतं. आपण म्हणतो इंजिन पेट्रोल ओढतं; खरं तर आपल्या डोक्यावरची हवा ते ढकलत असते. ना वीज, ना पंप, ना मोजणारं कुणी. जर्मनीत माइबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी १८९३च्या सुमारास तुषार उडवणारे कार्ब्युरेटर सिद्ध केले, तेव्हापासून शंभर वर्षं जग याच युक्तीवर धावलं.

पेट्रोल पुरतं जळायचं तर एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनात हा फरक फार वाटत नाही. पण एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, असं म्हटलं की गाडी बहुतांशी हवेवरच चालते हे ध्यानात येतं. आणि हवा सगळीकडे सारखी नसते. फोर्ट कॉलिन्स समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. गळ्यातून हवा तेवढीच वाहताना दिसते, पण तिचं वजन घटलेलं असतं. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. पुण्याहून जुनी बुलेट घेऊन लेहला गेलेल्या कुणालाही विचारा. खारदुंग ला चढताना गाडीचा जीव कसा गुदमरतो ते तो सांगेल.

आमच्या तीनचाकीतलं पितळ टेक्सासच्या समुद्रकाठासाठी निवडलेलं होतं. स्वच्छ धुऊन, जसंच्या तसं बसवून दोरी ओढली, तेव्हा इंजिन सुरू झालं खरं, पण आवाज जड, एखादा ठोका गिळल्यासारखा. थोडं चालवून प्लग काढला तर काजळीने काळा. गाडीत दोष काहीच नव्हता. ती अजून समुद्रकाठीच होती.

मेन जेट एक आकडा लहान बसवला. नीडलच्या डोक्याजवळ खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत क्लिप बसते; क्लिप एक खाच वर घेतली. क्लिप वर गेली की नीडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. कार्ब्युरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, तीन-चार कारभाऱ्यांची वाटणी आहे. ॲक्सिलरेटर जेमतेम उघडा असताना पायलट जेट आणि स्क्रू यांचं राज्य. थोडा उघडला की स्लाइडच्या खालच्या काठाचा उतार बघतो. पाव ते पाऊण नीडलकडे. त्यापुढे मेन जेट. पण या हद्दी काटेकोर नाहीत. एकाचं काम संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. म्हणून एका ठिकाणी अचूक केलं की दुसरीकडे किंचित बिघडतं. सगळीकडे अचूक असा कार्ब्युरेटर नसतो. मेस्त्री मधलं काढायचे ते यासाठी.

शेवटी तो पितळी स्क्रू. तो मी मुलीकडे दिला. आधी अलगद आत टेकवायचा. आवळला तर निमुळतं टोक आतल्या बैठकीत रुतून दोन्ही कायमची बिघडतात. तिथून साधारण दीड फेरी बाहेर. मग इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं. थंड इंजिनावर केलेलं ट्युनिंग म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाकडून वदवून घेतलेला होकार. तिने पाव फेरी बाहेर फिरवला आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे बघू नको. थांब.” इंजिन दोन श्वास तसंच चाललं आणि मग हळूहळू मंदावलं. तिने पाव फेरी परत घेतली, आणखी पाव आत. आवाज मोकळा होत वर चढला. आणखी पाव आत. पुन्हा अडखळायला लागलं. दोन्हीकडे बिघाड कुठे सुरू होतो ते कळलं की त्यांच्या मधली जागा सापडते. ती तिने कानाने पकडली, पेचकस काढला आणि म्हणाली, “बाबा, इथे.” मीही ऐकलं. तिथेच होतं. त्यानंतर इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या दुसऱ्या स्क्रूने तो खाली आणला, मग पुन्हा पहिला थोडासा. पुढे रेड फेदर लेक्सच्या बाजूला आठ हजार फुटांवरच्या वनातल्या वाटांवर गाडी नेली तेव्हा तीच जागा सरकली होती. तिने ती तिथे पुन्हा शोधली.

आता या गाडीची दुसरी बाजू. मागची दोन्ही चाकं एका सलग आसावर घट्ट बसवलेली आहेत. रिक्षाला मागे डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. हिला ते नाही. दोन्ही चाकं सारखीच फिरणार, म्हणजे गाडी सरळच जायला बघणार. वळवायची तर चालवणाऱ्याने अंग झोकून वजन बदलायचं, आतलं चाक हलकं करून घसरू द्यायचं. जमलं तर नाचल्याचा आनंद. न जमलं तर पुढचं एकुलतं चाक अडतं आणि गाडी उलटते. त्यातून मोटरसायकलवर बसणाऱ्याची उपजत सवय म्हणजे तोल गेला की पाय टेकवणे. इथे पाय टेकवला की मागचं चाक त्या पायावर चढतं.

म्हणजे कार्ब्युरेटरसारखाच तोलही कंपनीने माणसावर सोपवला होता. आणि जाहिरातींत गाडी खेळण्यासारखी दिसत होती, म्हणून घराघरांतून मुलं तिच्यावर बसली. १९८०च्या दशकात अशा ऑफ-रोड गाड्यांवर शेकडो माणसं मेली. त्यांत सोळा वर्षांखालची मुलं पुष्कळ. १९८७च्या अखेरीस अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात तडजोड झाली, एप्रिल १९८८मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि नव्या तीनचाक्यांची विक्री थांबली. २००८च्या कायद्याने ती बंदी पक्की केली. आधी विकलेल्या गाड्या मात्र लोकांच्या गॅरेजांत तशाच राहिल्या. माझी त्यांतलीच एक.

हे सगळं ठाऊक असून मी ती दुरुस्त केली. का, याचं मला स्वतःला पटेल असं उत्तर द्यायचं तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. स्क्रू चुकीचा फिरवला तर इंजिन कुरकुरतं, काळं ओकतं, बंद पडतं. चूक ऐकू येते, वेळ देते, पाव फेरी मागे घेता येते. तसं करता करता माणूस शहाणा होतो. तोल चुकला तर ती चूक एकदाच बोलते आणि ऐकायला शहाणपण शिल्लक राहीलच असं नाही. दोन्हीकडे यंत्र माणसावरच विसंबलेलं. पण पहिल्या ठिकाणी तो विश्वास आहे, दुसऱ्या ठिकाणी अंग काढून घेणं. मुलांच्या बाबतीत तर उघडच.

आणि स्क्रूची बाजू तरी पूर्ण निर्मळ आहे का? रस्त्यावरच्या मोटरसायकलींना अमेरिकेत १९७८पासून धुराचे नियम लागू झाले आणि तो स्क्रू मालकाच्या हातातून जाऊ लागला. कुठे त्यावर टोपी आली, कुठे तोंड बुजवलं गेलं. ऑफ-रोड गाड्यांना अशी बंधनं २००६पासून लागू होऊ लागली, म्हणून माझ्या गाडीतला स्क्रू उघडा राहिला. भारतात एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मला वाईट वाटलं. पण इचलकरंजीच्या चौकात संध्याकाळी डोळे चुरचुरायचे तेही मला आठवतं. चुकीच्या मिश्रणाचा आवाज मालकाला ऐकू येतो, धूर मात्र मागच्याच्या नाकात जातो. जी चूक करणाऱ्याऐवजी दुसऱ्याला भोगावी लागते, ती त्याच्या मर्जीवर सोडणं योग्य नाही. इंजेक्शनच्या डबीबद्दल तक्रार करताना मी हल्ली थोडा आवाज खाली ठेवतो.

तेव्हा आमच्या घरचा कायदा असा ठरला. गाडी खोलणं, धुणं, जोडणं, स्क्रू लावणं, प्लग वाचणं, हे सगळं मुलीने करायचं. बसायचं नाही. तिने अर्थातच भांडण काढलं. “गाडी मी सुरू केली आणि चालवणार तू?” मी न्यायालयाच्या निकालाबद्दल बोललो, डिफरन्शियलबद्दल बोललो, वयाबद्दल बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण उलटायला गाडीला तुझं वय कसं कळतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिच्याकडे अट होती. आता मी चालवतो ते सपाटीवर, खालच्या गिअरात, आणि दोरी ती ओढते. हेल्मेटचा पट्टा लावलेला, पायात उंच बूट आणि हातात हातमोजे दिसल्याशिवाय ओढत नाही; एकदा मी “दोनच मिनिटांसाठी” म्हणालो तर पेट्रोलचा कॉक बंद करून निघून गेली. नुसती जबाबदारी सोपवून भागत नाही, समोर कोणीतरी नाही म्हणणारं लागतं, हे तीनचाकीच्या बाबतीत १९७० ते १९८७ एवढा काळ गेल्यावर कंपन्यांच्या गळी उतरलं. पोरीला ते एका दुपारीत कळलं.